मानवी हक्क परिषदेत ‘बिनविरोध’ नको

महोदय,

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा दर्जा काय असावा, तिने आमसभेच्या हाताखालीच राहावे की नाही, याचा फेरविचार फार तर पंधरा वर्षांत करायचा, असे आमसभेने जून २०११ मध्ये ठरवले होते. ती मुदत २०२६ मध्ये भरते. दर्जाची चर्चा जरूर व्हावी, पण माझ्या मते खरे दुखणे सदस्यांच्या निवडीत आहे.

परिषदेआधीचा ५३ सदस्यांचा मानवी हक्क आयोग मोडला तो याच कारणाने. लोकांचे हक्क तुडवणारी सरकारे तिथे बसून एकमेकांना सांभाळून घेत. मार्च २००६ मध्ये ४७ सदस्यांची परिषद आली, तेव्हा निवडीला दोन तृतीयांश मते लागावीत असा आग्रह होता. तडजोडीत गुप्त मतदान आणि आमसभेच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे आज किमान ९७ मते, एवढेच उरले. तेही चालले असते, पण प्रादेशिक गट आधीच आपसांत बोलणी करून जागा तेवढेच उमेदवार देतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये १४ जागांसाठी १४च उमेदवार होते. आशियाच्या चार जागा भारत, पाकिस्तान, इराक आणि व्हिएतनामला गेल्या.

आमच्या गावच्या विकास सोसायटीत मी हेच पाहिले. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत बाकीचे अर्ज निघाले आणि सर्वांत मोठा थकबाकीदार संचालक झाला. विचारले तर उत्तर आले, ‘जाऊ दे भो, आपलाच मानूस शे.’ पुढची पाच वर्षे वसुलीचा विषयच सभेत निघाला नाही.

परिषद भरते त्या दूरच्या जिनिव्हाशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. मी तळोदा तालुक्यातल्या सरदार सरोवराच्या पुनर्वसन वसाहतीत शिकवले आहे. एक पालक दर महिन्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत सुतळीने बांधलेले जमिनीचे कागद आणायचे आणि ‘गुरुजी, परत एकदा वाचा’ म्हणायचे. नर्मदाकाठच्या अशा लोकांचे म्हणणे जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने खोऱ्यात येऊन ऐकले आणि १९९२ च्या अहवालात पुनर्वसनातल्या उणिवा स्पष्ट मांडल्या. पुढच्याच वर्षी बँकेचे उरलेले कर्ज थांबले. समिती मानवी हक्क परिषदेची नव्हती, हे खरे. पण आपले सरकार ऐकत नाही तेव्हा बाहेरच्या कुणीतरी ऐकावे लागते, आणि तो ऐकणारा सरकारांनी आपसांत वाटून घेतलेला नसावा.

भारत २०२८ अखेरपर्यंत परिषदेत आहे. परराष्ट्र मंत्रालयाने आशिया-प्रशांत गटात उघड भूमिका घ्यावी की, जागांपेक्षा किमान एक उमेदवार जास्त असल्याशिवाय मतदान नको. प्रत्येक उमेदवार देशाने मागच्या खेपेला दिलेली आश्वासने किती पाळली, तेही मतदानापूर्वी सर्वांसमोर सांगावे. हा नियम पहिल्यांदा भारताने स्वतःला लावून घ्यावा, पुढची निवडणूक लढवून.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा (जि. नंदुरबार)