नऊ तारखेच्या तपासणीत सिझरबद्दलही सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

गर्भवतींच्या मोफत तपासणीची बातमी तुमच्या पेपरात वाचली म्हणून हे लिहितेय. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात ही तपासणी असते, २०१६ पासून सुरक्षित मातृत्व अभियानात चालू आहे, वजन, बीपी, रक्त सगळं बघतात, फार चांगली सोय आहे. पण रांगेत तासतासभर बसलेल्या बायकांना सिझरची वेळ आली तर काय होतं हे त्याच वेळात कुणीतरी नीट सांगायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरची निघालीत, चारात एक, मग तयारी फक्त नॉर्मलची का करायची?

माझ्या नणंदेचं नुकतंच सिझर झालं. बाळ पायाळू होतं, तारीख आधीच ठरलेली, तरी घरची तयारी म्हणजे दुपटी, झबली आणि डिंकाचे लाडू. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मावशी ताकद राहू दे म्हणून शिरा घेऊन हजर! सिस्टरनी वेळीच अडवलं म्हणून बरं, कारण आधी निदान सहा तास पोटात अन्न नको असतं, भुलेत उलटी होऊन ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे ना.

आत काय होतं तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मणक्यात इंजेक्शन देतात, बाई जागीच असते, पोटात ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही, लघवीची नळी घालतात आणि बऱ्याच जणींना नंतर हुडहुडी भरते. ती बिचारी थरथरायला लागली आणि आपलं काहीतरी बिघडलं म्हणून घाबरून रडत होती, आधी दोन वाक्यं कानावर पडली असती तर इतकी घाबरली नसती.

आणि खरी परीक्षा पुढेच असते. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगते हलू नको टाके तुटतील, पाणी कमी पी, भात खाऊ नको पू होतो, केळं नको बाळाला सर्दी होते. डॉक्टर सांगतात बरोबर उलटं! सिस्टरचा हात धरून पहिल्याच दिवशी उठायचं, चार पावलं टाकायची, नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते. उठताना सरळ उठून बसायचं नाही, कुशीवर वळून हाताने रेटा देत उठायचं, खोकला आला तर पोटाला उशी दाबून धरायची. पाणी भरपूर हवं, नाहीतर संडासला कुंथावं लागतं आणि टाक्यांवर ताण येतो. बाळाला मध किंवा गुळाचं पाणी अजिबात चाटवायचं नाही, चीक दूध सिझर झालेल्या आईलाही येतं, फक्त बाळ धरायला शेजारी कुणीतरी पाहिजे.

पैशाचंही सांगते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे, तरी आमच्या वॉर्डात एक नवरा दोन दिवस उसने पैसे मागत फिरत होता कारण त्याला हे माहीतच नव्हतं.

अजून एक, मनाला लागलेलं. "नॉर्मल नाही का जमलं?" असं बाळंतिणीला तोंडावर विचारतात. पोटावर टाके घेऊन रात्रभर बाळ पाजणाऱ्या बाईला असं विचारवतं तरी कसं?

तर मागणी एवढीच की ९ तारखेला सातव्या महिन्यापुढच्या बायकांना, आणि सोबतच्या सासूला, आईला, नवऱ्यालाही, एखाद्या सिस्टरनी अर्धा तास हे समजावून सांगावं. घरी गेल्यावर ताप, टाक्यातून पू, घाण वासाचा स्राव, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, एकाच पोटरीला सूज, दम लागणं किंवा जोराची डोकेदुखी असलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा, हे सगळं एका कागदावर मराठीत छापून द्यावं. आणि तुम्हीही महिलांच्या पुरवणीत एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या, आमच्याकडे आशाताई पेपरातली कात्रणं घरोघरी दाखवतात.

– एक वाचक, सातारा जिल्हा