आधी मदत, मग दरवाढ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी खर्चकपातीविरुद्ध एखाद्या देशात लाखो लोक रस्त्यावर उतरले की बातमीच्या जोडीने एक स्पष्टीकरण हमखास वाचायला मिळते. तिजोरीत खडखडाट आहे, कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत, कडू औषध घेण्यावाचून इलाज नाही आणि लोकांना हे कळत नाही म्हणून ते चिडतात, असे त्याचे स्वरूप असते. यातील तिजोरीविषयीचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. लोकांना कळत नाही हे मात्र मला मान्य नाही. एकाच देशात नऊ वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की माझे म्हणणे स्पष्ट होईल.

इराणमध्ये १९ डिसेंबर २०१० रोजी इंधन, वीज आणि पाव यांवरील अनुदानांत मोठी कपात झाली आणि रेशनवर मिळणाऱ्या पेट्रोलचा भाव एका दिवसात चौपट झाला. तरीही देश पेटला नाही. भाव वाढण्याच्या कितीतरी आठवडे आधी बहुसंख्य कुटुंबांच्या बँक खात्यांत भरपाईची रक्कम जमा झालेली होती. ती खात्यात दिसत होती, फक्त दरवाढ लागू होईपर्यंत काढता येत नव्हती. पुढे ही रक्कम माणशी दरमहा ४ लाख ५५ हजार रियाल अशी मिळत राहिली. २००९ च्या निवडणुकीनंतरच्या आंदोलनावर झालेल्या दडपशाहीची भीती तेव्हा ताजी होती आणि बंदोबस्तही कडक होता, हे नाकारून चालणार नाही. नंतरच्या महागाईने या रकमेचे मोल फार घटवले, हेही खरे. पण घर चालवणाऱ्या बाईला दरवाढीच्या दिवशी आपल्या हातात काय आहे हे ठाऊक होते.

त्याच देशात १५ नोव्हेंबर २०१९ रोजी लोक झोपेत असताना पेट्रोलची नवी दरवाढ लागू झाली. महिन्याच्या पहिल्या ६० लिटरचा भाव दीडपट आणि त्यावरचा तिप्पट झाला. मिळणारा पैसा सुमारे ६ कोटी गरजू लोकांना वाटला जाईल, असे सरकारने याही वेळी सांगितले होते. फरक एवढाच की या वेळी दरवाढ आधी आली आणि पैसे नंतर यायचे होते. काही तासांतच निदर्शने सुरू झाली, ती अनेक शहरांत पसरली, जवळजवळ आठवडाभर इंटरनेट बंद ठेवण्यात आले आणि सुरक्षा दलांच्या गोळीबारात ३०० हून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने केली. मधल्या काळात अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांनी लोकांचे कंबरडे मोडले होते, त्यामुळे सगळा दोष एका निर्णयावर टाकता येणार नाही. तरीही ज्याच्यावर एकदा विश्वास ठेवला त्यानेच मध्यरात्री खिशात हात घातला, ही भावना त्या रागामागे होती, असे मला वाटते.

आपण कपातीच्या आकड्यांवर इतके बोलतो की तिच्या क्रमाकडे दुर्लक्ष होते. इक्वेडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनिन मोरेनो यांनी सुमारे चार दशके चालत आलेले इंधन अनुदान एका आदेशाने रद्द केले. वाहतूकदारांपाठोपाठ आदिवासी संघटनांचे हजारो लोक राजधानी कितोमध्ये उतरले आणि सरकारला आपला मुक्काम ग्वायाकिलला हलवावा लागला. अखेर १३ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रे आणि कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या मध्यस्थीने बोलणी झाली, ती दूरचित्रवाणीवरून सगळ्या देशाने पाहिली आणि त्याच रात्री आदेश मागे घेण्याचे ठरले. ही बैठक आदेश काढण्याच्या आदल्या आठवड्यात का होऊ शकली नाही? तोवर किमान ८ जणांचे प्राण गेले होते. केनियातही तेच घडले. करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध २५ जून २०२४ रोजी तरुण थेट संसदेत शिरले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नसल्याचे जाहीर केले. इजिप्तच्या सरकारने तर जानेवारी १९७७ मध्येच पाव, तांदूळ, तेल यांवरील अनुदानकपात दोन दिवसांच्या उद्रेकानंतर मागे घेतली होती. मागे घेता येणारा निर्णय माणसे मेल्यावरच मागे घेतला जावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

क्रमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटणीचा आहे. पोर्तुगालमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये पंतप्रधान पासूस कोएल्यू यांनी सामाजिक सुरक्षेसाठी कामगारांच्या पगारातून होणारी कपात ११ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचे आणि मालकांचा वाटा २३.७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालण्याचा हा व्यवहार समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. १५ सप्टेंबरला देशभर लाखो लोक शांतपणे रस्त्यावर आले आणि काही दिवसांत प्रस्ताव गुंडाळला गेला. त्याच वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारी नोकर आणि निवृत्तिवेतनधारकांना वर्षाकाठी मिळणारे दोन जादा पगार कापणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. लोकांचा राग आणि न्यायालयाचा निकाल, दोहोंचा रोख सारखाच होता.

आता जाणकारांच्या गणिताविषयी. ग्रीसला मे २०१० मध्ये युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ११० अब्ज युरोंचे कर्ज कपातीच्या कठोर अटींवर मिळाले. पुढच्या काही वर्षांत तिथली अर्थव्यवस्था मंदीआधीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने आकसली आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१३ मध्ये स्वतःच्याच मूल्यमापनात या कार्यक्रमात ठळक अपयश आल्याचे मान्य केले, आणि निधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लँशार यांनी सहलेखकासह लिहिलेल्या अभ्यासात युरोपातील कपातीचा विकासावर होणारा घातक परिणाम कमी लेखला गेल्याचे दाखवले. म्हणजे अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात जमलेले लोक जे २०१० पासून ओरडून सांगत होते, ते निदान काही अंशी बरोबर होते. त्याच आंदोलनात ५ मे २०१० रोजी एका बँकेला लावलेल्या आगीत तीन कर्मचारी गुदमरून मेले. त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही आणि कपातीला विरोध करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते आधी म्हटले पाहिजे.

सगळी अनुदाने चांगली असतात असे माझे म्हणणे नाही. इंधनावरच्या अनुदानाचा मोठा हिस्सा जास्त गाड्या बाळगणाऱ्या, जास्त वीज जाळणाऱ्या घरांकडे जातो आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवणे योग्यच आहे. पण गरिबाला इंधनाची झळ नुसती पंपावर लागत नाही. बसच्या तिकिटातून आणि भाजीच्या भावातून ती त्याच दिवशी घरात येते, तर शाळा सुधारायला वर्षे लागतात. ही मधली वर्षे त्याने कशी काढायची, याचे उत्तर आदेशातच लिहिलेले असले पाहिजे.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. अशा आंदोलनाची बातमी देताना वाचकांसाठी एक छोटी चौकट द्यावी: कपात कोणत्या तारखेला लागू झाली, भरपाई जाहीर झाली असल्यास ती हातात कधी पडली, वाढलेला भार कोणत्या उत्पन्न गटावर किती पडतो आणि निर्णयाआधी कोणाशी चर्चा झाली होती. जळणाऱ्या टायरचे छायाचित्र पहिल्या पानावर येतेच; त्याच्या शेजारी ही चौकटही यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक