घर कोणाचे, हे आधी विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात जाऊन एका गरजू कुटुंबासाठी घर बांधून आलेल्या पुण्यातील काही तरुणांविषयी आपल्या दैनिकात सचित्र वृत्तान्त आला होता आणि त्यावर नंतर दोन वाचकांची पत्रेही प्रसिद्ध झाली. एका वाचकाने या मुलांचे तोंडभरून कौतुक केले होते. दुसऱ्याने, मुळशी-मावळातल्या कातकरी पाड्यांवर धड छप्पर नसताना विमानाने परदेशी जाऊन विटा उचलण्यात कसला पुरुषार्थ, असा सवाल ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ या म्हणीसकट केला होता. मी स्थापत्य अभियंता म्हणून चौतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर, २०१९ च्या फेब्रुवारीत, स्वतः अशाच एका तुकडीबरोबर नेपाळला जाऊन आलो. मुले गेली हे बरे झाले की वाईट, या वादात दोन्ही पत्रलेखक अडकले. जे घर उभे राहिले ते कोणाचे होते, हे दोघांनीही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आपल्या वृत्तान्तातही ते कुठे नव्हते.

हा प्रश्न मला सुचला तो आमच्या सोसायटीतल्या एका मुलीमुळे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना ती शहरातल्या एका सहल कंपनीमार्फत आग्नेय आशियातल्या एका देशात ‘गृहबांधणी सेवा’ करायला गेली होती. वडिलांनी एक लाख साठ हजार रुपये भरले होते. पंधरा दिवसांपैकी बांधकामाचे दिवस चार, बाकी समुद्रकिनारे आणि देवळे. परत आल्यावर तिने मोठ्या उत्साहाने फोटो दाखवले. मी सहज विचारले, की या घरात आता कोण राहते? ती थबकली. ‘काका, ते आम्हाला भेटलेच नाहीत,’ असे ती म्हणाली. घराखालची जमीन कोणाच्या नावावर होती, गवंडी गावचे होते की बाहेरून आणलेले, छपराचे पैसे कोणी दिले, यातले काहीही तिला कोणी सांगितलेले नव्हते. प्रमाणपत्र मात्र जाड कागदावर, सोनेरी कडा असलेले मिळाले होते. मुलीचा यात काडीचाही दोष नाही. तिची कळकळ खरी होती आणि ती कळकळच तिला विकत दिली गेली.

माझा अनुभव याहून बरा होता, पण तोही अभिमानाने सांगावा असा नाही. आमची तुकडी नऊ जणांची होती. बागडोगऱ्याला उतरून पानीटंकीपर्यंत गाडीने आणि मेची नदीवरचा पूल ओलांडून काकरभिट्ट्याला, म्हणजे नेपाळच्या झापा जिल्ह्यात, असा प्रवास झाला. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही आणि पाट्या देवनागरीत असल्याने परदेशी आल्यासारखे फारसे वाटतही नाही. घर दोन खोल्यांचे होते. ओल लागू नये म्हणून सिमेंटच्या बुटक्या खांबांवर बांबूचे सांगाडे उभे केलेले, बांबूच्या कामट्या विणून केलेल्या भिंती, त्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा आणि वर पत्रा, ज्याला तिकडे ‘जस्तापाता’ म्हणतात. बांबूला भुंगा लागू नये म्हणून तो आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. पहिल्या दिवशी मी, इतकी वर्षे गिलाव्याची बिले तपासलेला माणूस, थापी घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो. कामटीच्या भिंतीला हेलकावा असतो, विटेसारखी ती थापीला उलटा जोर देत नाही. त्यामुळे माझा प्रत्येक थर अर्धा चिकटे आणि अर्धा पायाशी येऊन पडे. घरधनीण तासभर काही बोलली नाही. मग तिने माझ्या हातातली थापी हळूच काढून बाजूला ठेवली, घमेल्यातला गारा पंजाने कालवला आणि तळहाताची टाच लावून खालून वर असा घासत नेला. आपल्याकडे बायका भुई सारवतात तोच हात, फक्त उभ्या भिंतीवर. दुपारपर्यंत एक पूर्ण बाजू तिची झाली होती आणि मी तिला घमेली भरून देत होतो. त्या आठ दिवसांत माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगाचे काम तेवढेच.

तिथला गवंडी, ज्याला नेपाळीत ‘डकर्मी’ म्हणतात, आणि सुतार म्हणजे ‘सिकर्मी’, दोघेही त्याच भागातले होते. आम्हाला नेणाऱ्या संस्थेकडून त्यांना रोजची मजुरी मिळत होती आणि बांबूकामाचे प्रशिक्षणही मिळालेले होते. ते नसते तर आम्हा नऊ जणांना ते घर नऊ महिन्यांतही उभे करता आले नसते. चूल आत असावी की बाहेर, यावरून नकाशा करणारा तरुण अभियंता आणि त्या बाईमध्ये दोन दिवस चर्चा चालली आणि शेवटी चूल बाहेर गेली, हेही मला फार महत्त्वाचे वाटले; कारण जिच्या म्हणण्यावरून नकाशा बदलतो, घर तिचे असते.

तिचा नवरा कुठे असतो, हे मी तिसऱ्या दिवशी विचारले. तो कतारला शटरिंगच्या कामावर होता. नेपाळमधले लाखो तरुण आखातात आणि मलेशियात मजुरीला जातात, हे मी वाचलेले होते, पण त्या क्षणी मला कानकोंडे झाले. परदेशात जाऊन दुसऱ्याची इमारत उभी करणारा खरा जाणकार त्याच घरातला होता, त्यासाठी कर्ज काढून गेला होता, आणि त्याच्या अंगणात आम्ही स्वतःच्या खिशातून पैसे खर्च करून शिकाऊ बिगारी म्हणून आलो होतो. या देवाणघेवाणीला सेवा म्हणावे की आणखी काही, हे मला आजही नीटसे ठरवता आलेले नाही.

पैशांचा हिशेब मात्र ठरवता येतो. माझे विमान, राहणे आणि संस्थेला दिलेले शुल्क मिळून साधारण साठ हजार रुपये खर्च झाला. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबाला तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान टप्प्याटप्प्याने दिले. आपल्या एका रुपयाला तिकडचे एक रुपया साठ पैसे या ठरलेल्या दराने ते एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार होते. म्हणजे आमच्यातल्या तिघांचा खर्च एका कुटुंबाच्या अनुदानाला जवळजवळ पुरला असता. आपल्याकडच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला केंद्राने ठरवलेले साह्य १ लाख २० हजार आहे. त्याला तर दोघे पुरतात. टीका करणाऱ्या वाचकाचा मुद्दा इथे बिनतोड आहे. मात्र नुसता चेक पाठवणे हे नेहमीच श्रेयस्कर, असेही मी म्हणणार नाही, कारण गेलो नसतो तर मी एक पैसाही पाठवला नसता, आणि गेल्यापासून दरवर्षी पाठवतो आहे. माणसाचे मन असेच चालते, त्याला काय करणार?

बाहेरची माणसे येऊन आपल्याकडे घरे बांधून गेली, हे पुणेकर विसरले असतील. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस लोणावळ्याजवळ मळवली परिसरात अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, गरजूंसाठी घरे बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या कामासाठी आले होते. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. देशोदेशींच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरांचे काम केले, आणि चित्रीकरणाच्या निमित्ताने पुण्यात मुक्कामाला असलेले ब्रॅड पिट तिथे गेल्यावर आपल्या शहराचे सगळे लक्ष त्यांच्याकडेच गेले. मीही त्याला अपवाद नव्हतो. पण काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते आणि त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात, हे बांधकामातला कोणीही सांगेल. तेव्हा आठवड्यात घर होते याचा अर्थ त्याच्या आधी आणि नंतर इतर कोणीतरी राबलेले असते. फोटोत ते कधी नसतात. या संस्थेची मूळ पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये ती सुरू केली, तेव्हापासूनचा दंडक असा की घर फुकट द्यायचे नाही: कुटुंबाने स्वतः ठरावीक तास काम करायचे आणि सोसवतील अशा हप्त्यांनी किंमत फेडायची, ते हप्ते पुढच्या कुटुंबाच्या घराकडे वळतात. कार्टर यांच्या आई लिलियन या मुलाच्याही चाळीस वर्षे आधी, १९६६ मध्ये, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक दलाच्या परिचारिका म्हणून मुंबईत विक्रोळीला येऊन राहिल्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट होते, माझ्या आजच्या वयाइतके. आणि त्या आठवड्यासाठी नाही, जवळजवळ दोन वर्षांसाठी आल्या होत्या.

परदेशी जाऊन घरे बांधण्याच्या या सेवेची सुरुवात आणखी मागे जाते. पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता १९२० मध्ये पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एका गावात घरे उभी करायला काही सोबत्यांना घेऊन गेला. सोबत्यांत जर्मनही होते आणि काही महिन्यांतच त्यांना तिथून निघावे लागले, कारण कालच्या शत्रूच्या हातून घर बांधून घ्यायची गावाची तयारी नव्हती. तोच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि मूठभर युरोपीय व बरेचसे स्थानिक मजूर अशा मेळाने तिथे वस्त्या उभ्या करण्यात खपला. कुदळ हाती घेण्याआधी गावाला आपण हवे आहोत का, हे विचारायचे असते, हे व्हर्दंच्या त्या गावाने त्याला चांगलेच शिकवले असणार.

आपल्या अंगणातला धडा किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, झोपेतल्या माणसांवर दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळली. त्यानंतर मीही काही महिने त्या भागात कामाला होतो. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. देणगीदारांनी आणि कंत्राटदारांनी शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रस्ते आखले, घरे एकमेकांपासून लांब ठेवली, आणि गोठा, कडब्याची गंज, शेजारणीच्या ओट्यापर्यंतचे अंतर यांचा विचार बहुतेक ठिकाणी राहूनच गेला. कमी नुकसान झालेल्या गावांत मात्र लोकांनी आपली घरे जागच्या जागी दुरुस्त केली. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड कसे घालायचे, दारे-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा कसा फिरवायचा, हे गवंड्यांना शिकवले गेले, आणि महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी जाऊन काम नीट होते आहे का, ते पाहू लागल्या. जिथे घरधनिणीला कळत होते की हा दगड इथे का, तिथे काम टिकले, असे माझे मत आहे.

म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना माझे सांगणे एवढेच, की पैसे भरण्यापूर्वी त्या कुटुंबाविषयी विचारावे. जागा त्यांच्या नावावर आहे का, घरात त्यांचे श्रम किंवा पैसे आहेत का, आपण निघून गेल्यावर गळती लागली तर ती दुरुस्त करणारा गवंडी त्याच गावात आहे का, आणि आपण गेल्यामुळे त्याची रोजी बुडत तर नाही ना, याची उत्तरे संस्थेला चटकन देता आली पाहिजेत. ती देताना जी टाळाटाळ करते, ती सहल कंपनी समजावी. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही कित्येक देशांत चालत नाही, तेही आधी तपासावे. आणि जाण्यापूर्वी आठ दिवस पुण्यातल्याच एखाद्या साइटवर बिगारी म्हणून घमेली उचलावीत. हे मी थट्टेने लिहीत नाही, आपला हात किती चालतो हे कळायला त्याहून स्वस्त शाळा नाही.

आपल्याकडेही एक विनंती आहे. असा वृत्तान्त पुन्हा छापाल तेव्हा टी-शर्ट घातलेल्या आमच्या मुलांचा फोटो जरूर छापावा. पण सोबत त्या घराच्या मालकिणीचे म्हणणे, तिच्या संमतीने, दोन ओळींत द्यावे आणि गवंड्याला दिवसाला किती मजुरी मिळाली, हेही बातमीदाराने विचारून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
सहकारनगर, पुणे