मानवी हक्क आयोगाची आंतरवासिता कोल्हापुरातही हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पानावर बँका, स्पर्धा परीक्षा आणि संगणक क्षेत्रातील संधींची माहिती नियमित येते. परंतु शासनाच्या मानवी हक्क संस्थांमध्ये चालणाऱ्या संशोधनाच्या आणि देखरेखीच्या कामाविषयी तिथे क्वचितच काही वाचायला मिळते. कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवत आहे आणि मानवी हक्कांचा पेपर माझ्याकडे असतो. दर वर्षी अभ्यासक्रम संपत आला की दोघे-तिघे विद्यार्थी तास सुटल्यावर मागे थांबतात आणि विचारतात, ‘सर, यात पुढे काय करता येतं?’ नेट परीक्षेत ‘मानवी हक्क आणि कर्तव्ये’ हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे प्राध्यापक होता येईल, एवढेच उत्तर मी बरीच वर्षे देत आलो. ते उत्तर अपुरे होते, म्हणून हे पत्र.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि त्याच कायद्याखाली महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत काम करतो. आयोग म्हणजे तक्रारी घेणारे कार्यालय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कायद्याच्या कलम १२ मध्ये तुरुंगांना भेटी देऊन तेथील परिस्थितीचा अभ्यास करणे, मानवी हक्कांच्या क्षेत्रात संशोधन हाती घेणे व त्याला चालना देणे आणि समाजात मानवी हक्क साक्षरता पसरवणे ही कामेही आयोगावर सोपवलेली आहेत, आणि कलम २९ मुळे ती राज्य आयोगालाही लागू होतात. कोठडीत मृत्यू झाल्यास तो २४ तासांच्या आत आपल्याला कळवला पाहिजे, असे निर्देश राष्ट्रीय आयोगाने डिसेंबर १९९३ मध्येच दिले. पण खबर पोहोचल्यावर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल समोर ठेवून, त्यांतील वेळा आणि जखमांची वर्णने एकमेकांशी जुळतात का, हे कोणीतरी ओळ न् ओळ वाचून पाहावे लागते. आयोगाकडे तक्रार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे अर्थातच मराठीतही, विनाशुल्क करता येते. गडहिंग्लजच्या एखाद्या विधवेने वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज समजून घ्यायला मोडी वळणाचे अक्षर, गावकीचे शब्द आणि तलाठी कार्यालयाचा व्यवहार ठाऊक असलेला माणूस लागतो. आमच्या विद्यार्थ्यांची ही जमेची बाजू आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही.

राष्ट्रीय आयोग दिल्लीत उन्हाळी आणि हिवाळी आंतरवासिता (इंटर्नशिप) घेतो आणि गेल्या काही वर्षांपासून दोन आठवड्यांची ऑनलाइन आंतरवासिताही घेतो. माझ्या एका विद्यार्थिनीने दिल्लीला जाणे परवडत नाही म्हणून ऑनलाइन मार्ग निवडला. शिरोळ तालुक्यातील तिच्या घरी नेटवर्क टिकत नसे, म्हणून ती रोज सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला येऊन आमच्या विभागाच्या ग्रंथालयात मोबाइल पुस्तकांना टेकवून बसायची. व्याख्यानांचा तिला फार उपयोग झाला आणि तिच्या वहीतील टिपणे मी स्वतः वाचली आहेत. एके दिवशी तिला तिहार तुरुंगाची दूरस्थ भेट घडवण्यात आली. त्या संध्याकाळी वही मिटता मिटता ती म्हणाली, ‘सर, तिहार बघितलं, पण कळंबा जेल मी अजून बाहेरूनच बघितलंय.’ केएमटी बसने काही मिनिटांवर असलेल्या कळंबा मध्यवर्ती कारागृहाची भिंत ओलांडून अभ्यास करण्याची संधी कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला नसावी, हे मला त्या दिवसापासून बोचत आहे.

तुरुंगात विद्यार्थ्याने करायचे काय, असे कोणी विचारील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने (ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही अशा कैद्याने) त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला, तर त्यांच्या सुटकेचा विचार व्हायला हवा. एकाहून अधिक खटले प्रलंबित असल्यास मात्र हा लाभ मिळत नाही. कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समितीही प्रत्येक जिल्ह्यात असते. तरीही अटकेची तारीख, लावलेली कलमे, कमाल शिक्षा आणि आजवर काढलेले दिवस हे एकेका कैद्याच्या नावापुढे मांडून हिशेब करणे हे चिकाटीचे काम आहे आणि त्यात एखादे नाव सुटले, तर तो माणूस आणखी कित्येक महिने आत राहतो. हा हिशेब शिकलेला पदवीधर आयोगात, विधी सेवा प्राधिकरणात, वकिलाच्या कार्यालयात किंवा वर्तमानपत्रातही उपयोगी पडेल.

दुसरा अनुभव ऊसतोडीच्या फडावरचा आहे. दोन हंगामांपूर्वी विद्यार्थ्यांचा एक गट घेऊन मी तोडणी मजुरांच्या खोपींवर माहिती गोळा करायला गेलो होतो. आम्ही तयार केलेल्या तक्त्यात ‘मजुरी’ असा एकच रकाना होता. एका बाईंना विचारले, तर त्या काही बोलेनात. मोळी बांधत त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवले. उचल म्हणजे आगाऊ रक्कम कोयत्यावर मिळते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचे असते आणि बाईच्या श्रमाची स्वतंत्र नोंद कुठेच नसते, ही गोष्ट आमच्यापैकी सगळ्यांना ऐकून माहीत होती, तरीही तक्ता करताना ती कोणाच्या लक्षात आली नाही. रात्री वर्गात बसून आम्ही तक्ता पुन्हा आखला आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोपींवर परत गेलो. हक्कांवर देखरेख ठेवणे म्हणजे काय, हे मुलांना त्या एका चुकलेल्या रकान्याने जितके शिकवले, तितके माझ्या वर्षभराच्या तासांनी शिकवले नव्हते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा समित्यांना जी माहिती घाईने गोळा करावी लागते, ती दर हंगामात शांतपणे नोंदवून ठेवणारी माणसे जिल्ह्यात असायला हवीत.

हे क्षेत्र नोकरी म्हणून आज अरुंद आहे, हे विद्यार्थ्यांपासून लपवणे मला योग्य वाटत नाही. आयोगांतील बरीच पदे प्रतिनियुक्तीने भरली जातात, संशोधन सल्लागारांच्या नेमणुका बहुधा कंत्राटी असतात आणि कायद्यानुसारच तपासाचे मनुष्यबळ पोलीस दलातून येते. राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रीय आयोगाच्या ‘अ’ दर्जाचे, म्हणजे सर्वोच्च मानांकनाचे, नूतनीकरण लांबणीवर टाकले, तेव्हा तपासातील पोलिसांचा सहभाग हाही एक आक्षेप होता. ज्यांच्याविरुद्ध तक्रार येऊ शकते त्यांच्याच खात्यातील माणसांनी तपास करावा, ही अडचण दूर करायची असेल, तर कायदा, समाजकार्य, संख्याशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकलेल्या तरुणांचा कायम संवर्ग उभा करावा लागेल, आणि त्याची सुरुवात आंतरवासितेपासूनच होऊ शकते.

पैशाचा प्रश्न तर सुटण्यासारखा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण सक्तीचे झाले असून त्याला चार श्रेयांक आहेत. त्यासाठी योग्य जागा शोधताना आम्हा शिक्षकांची दर वर्षी धावपळ होते. मी एका कार्यालयाला विद्यार्थ्यांसाठी लेखी विनंती केली होती. तीन वेळा हेलपाटे घातल्यावर ‘वरून आदेश नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले आणि तोवर मुलांचे सत्र संपले होते. दुसरीकडे, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद झाली. त्या धर्तीवर आयोगाच्या प्रशिक्षणार्थींनाही विद्यावेतन मिळाले, तर भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या मुलांना हे क्षेत्र परवडेल.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईवारी वाचली. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी अनेक वर्षे लढा दिला. राज्य मानवी हक्क आयोगाने याच सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात एक लहानसा संशोधन कक्ष उघडावा, शिवाजी विद्यापीठ आणि इथली विधी महाविद्यालये यांच्याशी करार करून दर सत्रात ठरावीक विद्यार्थ्यांना तेथे आंतरवासिता द्यावी, अर्ज आणि अहवाल मराठीत स्वीकारावेत आणि कारागृह, निरीक्षणगृह व ऊसतोड मजुरांच्या वस्त्या येथील अभ्यासभेटींची परवानगी आयोगानेच काढून द्यावी, अशी माझी विनंती आहे. ज्या संस्थानात १९०२ साली ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तेथील मुलांना हे काम परके वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

आपणही राष्ट्रीय आयोगाच्या आंतरवासितेची जाहिरात निघाली की तिची मुदत आणि पात्रता करिअरच्या पानावर मराठीत छापावी. ती बहुतेकदा आमच्या मुलांपर्यंत मुदत संपल्यावर पोहोचते. ऊसतोडीच्या त्या फडावर भरलेले सुधारित तक्ते आमच्या विभागाच्या कपाटात तारीखवार लावून ठेवले आहेत. आयोगाचे कोणी अधिकारी कोल्हापुरात आले, तर विद्यार्थी स्वतः ते त्यांना दाखवायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक, कोल्हापूर