वाघांची चर्चा झाली, विषाची कधी?

माननीय संपादक,
स. न.

गोव्यातल्या म्हादई अभयारण्याच्या व्याघ्र प्रकल्पावरचे आपल्या अंकातले कालचे अख्खे पान वाचले. कोणाची घरे उठणार, उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये काय सांगितले, कोणता पुढारी काय बोलला, सगळे आले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत मेलेल्या चार वाघांचाही उल्लेख आला, एका ओळीत. ते विषाने मेले. ते विष आले कुठून, हे तेव्हा कोणी लावून धरले नाही आणि कालही नाही. गुरे मारली म्हणून चिडलेल्या माणसाच्या हाताशी ते तयार होते. माझ्या मते त्या प्रकरणात याहून मोठा प्रश्न नाही.

आमच्या सत्तरी तालुक्यात ते विष अजूनही हाताशीच आहे. गेल्या काजूच्या हंगामात कोणीतरी रानडुकरांसाठी वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेला विष लावलेली सुकी मासळी टाकली. ती आमच्या कुत्र्याने खाल्ली. तोंडाला फेस, पाय लटलट कापताहेत, डोळ्यांच्या बाहुल्या पार आकसलेल्या. गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर ऐकूनच ओळखले. ॲट्रोपिन हा उतारा लागेल म्हणाले, पण त्यांच्याकडचे संपले होते. ते मिळवेपर्यंत कुत्रा गेला. उरलेल्या मासळीला वास थिमेट या कीटकनाशकाचा होता, आम्हा बागायतदारांना तो सांगावा लागत नाही. तपासणीसाठी एका सरकारी कार्यालयात गेलो, तर म्हणाले पोलीस तक्रार आणा. पोलीस म्हणाले, संशयिताचे नाव द्या. नाव मला ठाऊक असते तर मासळी तपासायला कशाला नेली असती?

पुढच्या आठवड्यात त्याच बांधावर कावळे मेलेले दिसले, एक मुंगूसही. मेलेले जनावर दुसरे खाते आणि विष पुढे सरकते. देशातली गिधाडे अशीच गेली. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ मध्ये ते गुरांसाठी बंद झाले, तोवर गिधाडे बहुतेक संपली होती.

थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी एका दुकानात मी मुद्दाम मागितले, तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मिळाले. पावती नाही, नाव-गाव विचारले नाही. अतिविषारी असल्याची खूण म्हणून लाल त्रिकोण असलेला डबा दुकानातच राहिला. ती पिशवी ज्याच्या घरात जाईल, त्याच्या पोरांना आत काय आहे ते कसे कळणार?

रानडुकरे आणि माकडे आमचेही नुकसान करतात, काजू-केळी हातची जातात. भरपाई वेळेवर मिळाली तर निम्मे लोक तरी विषाच्या वाटेला जाणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

आणि एक. आपल्याच शेतीच्या पानावर मिरची-अळसांद्यांसाठी अमुक औषध लिटरला इतके मिली, असा सल्ला छापून येतो. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये, ते कधीच छापलेले नसते. ती भाजी दुसऱ्या दिवशी बाजारात येते आणि आपण सगळे खातो. तेवढी एक ओळ पुढच्या अंकापासून घालावी. आणि गोव्यातल्या कीटकनाशक दुकानांच्या विक्री नोंदवह्या शेवटच्या कधी तपासल्या, हे कृषी खात्याला आपल्या वार्ताहराने विचारावे. मी विचारले तर उत्तर मिळत नाही.

आपला,
एक बागायतदार, वाळपई