अंगणातल्या पाण्याचा निर्णय पाऊस चालू असतानाच घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या आवारातले पाणी काढायची कामे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निघतात. जमीन कोरडी असते, खणायला सोपे जाते, म्हणून काम उन्हाळ्यात करणे ठीकच. पण कोणते काम करायचे हेही लोक तेव्हाच ठरवतात आणि तिथे पैसे वाया जातात. पाणी कुठून येते, कुठे अडते आणि उघडीप मिळाल्यावर किती वेळात ओसरते, हे आषाढ-श्रावणातच दिसते. म्हणून हे पत्र आत्ता.

आधी पाणी ओळखावे. पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरते ते वरचे पाणी: छपराचे, अंगणात पडलेले किंवा रस्त्यावरून आत शिरलेले. दोन दिवस उघडीप असूनही भिंतीच्या बुडाशी ओल चढतच असेल, तर तो जमिनीतला पाझर. वरच्या पाण्याला ढाळ आणि गटार पुरते. पाझराला गटाराचा उपयोग नाही, त्याला खडीची चर लागते. गवंडी बहुधा दोन्हीला एकच औषध सांगतो, ते म्हणजे शोषखड्डा.

शोषखड्ड्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. ३० बाय ४० ची साईट (प्लॉट) म्हणजे १२०० चौरस फूट. तिच्यावर एक इंच पाऊस झाला की १०० घनफूट, म्हणजे सुमारे २८०० लिटर पाणी. नेहमीचा खड्डा ४ बाय ४, खोली ५ फूट, आत दगडगोटे. त्या ८० घनफुटांत पोकळी फार तर ४० टक्के, म्हणजे ९०० लिटर. इंचभर पावसाच्या तिसऱ्या हिश्शालाच तो भरतो. दगड भरण्याऐवजी ३ फूट व्यासाच्या, भोके पाडलेल्या सिमेंटच्या रिंगा उतरवल्या तर फूटभर उंचीच्या एका रिंगेत २०० लिटर मावतात. पाच रिंगांत हजार लिटर, तेही थोड्या कमी जागेत. रिंगांभोवती सहा इंच खडी आणि वर काढता येईल असे झाकण हवे, म्हणजे दोन-तीन वर्षांनी गाळ उपसता येतो. दगडांनी भरलेला खड्डा गाळाने तुंबला की नवा खणण्यावाचून गत्यंतर नसते.

तरीही खड्डा चालेल की नाही हे माती ठरवते, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यात माती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार बदलते. खानापूर, जांबोटीकडे तांबडी माती आणि जांभा, अथणी-रायबागकडे काळी जमीन. काळ्या मातीत शोषखड्डा काढूच नये. उन्हाळ्यात तिला भेगा पडलेल्या असतात, ओतलेले पाणी गटागटा पिते, आणि बघणाऱ्याला वाटते की जमीन छान मुरवते. पहिल्या चांगल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याचा हौद होतो. शिवाय पायाजवळची काळी माती एका बाजूला ओली आणि दुसरीकडे कोरडी राहिली की जोत्याला आणि भिंतींना तडे जातात. तिथे पाणी जिरवायच्या भानगडीत न पडता उघड्या गटाराने घरापासून लांब न्यावे.

येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारालगतच्या जुन्या भातशेतीत प्लॉट असेल तर आणखी एक अडचण. वर्षानुवर्षे चिखलणी होऊन वाफ्याखाली घट्ट थर बसलेला असतो. वरून घातलेला भराव पाणी पितो, पण ते त्या थरावर अडून राहते. आणि बळ्ळारी नाल्याला फुग आली की बाहेरच्या गटारालाही वाट नसते. अशा जागी जोते उंच ठेवणे हाच पहिला उपाय, बाकीचे सगळे नंतर.

जांभ्यात पाणी चांगले मुरते हे खरे. पण जांभ्याखाली पुष्कळ ठिकाणी पिवळट चिकणमाती लागते. पाणी तिच्यावरून आडवे सरकते आणि उतार तोडून बांधलेल्या घराच्या मागच्या भिंतीतून बाहेर येते. तिथे परड्यात, घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून निदान ५ फूट सोडून आडवी चर काढून पाणी आधीच अडवावे लागते.

मातीची परीक्षा घरच्या घरी होते. फूटभर रुंद आणि दोन फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, मुरू द्या. पुन्हा भरून काठीवर खूण करा आणि तासाभराने मोजा. इंचभर किंवा जास्त उतरले तर शोषखड्ड्याचा विचार करावा, अर्ध्या इंचाच्या आत असेल तर सोडून द्यावा. पावसाळ्यातल्या उघडिपीतच हे करायचे. मे महिन्यातला आकडा फसवा असतो. आवारात विहीर असेल तर श्रावणात तिचे पाणी किती वर येते तेही बघा. खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या खाली गेला तर खड्ड्यात पाणी शिरेल, बाहेर जाणार नाही. शौचालयाचा शोषखड्डा तर विहिरीपासून ६० फुटांच्या आत नकोच.

खडीच्या चरीबद्दल थोडे सविस्तर, कारण ती नीट केलेली क्वचितच दिसते. चर एक फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल, आणि तळाला दर १० फुटांमागे सव्वा इंच ढाळ. हा ढाळ डोळ्यांनी कळत नाही, पाण्याची लेव्हल नळी लावावी आणि नळीत बुडबुडा राहिला नाही याची खात्री करावी. तळाला आणि बाजूंना जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे) अंथरायचे. हिरवी शेडनेट चालत नाही, तिच्यातून माती आत येते. गोणपाट कुजते, आणि प्लॅस्टिकचा कागद घातला तर पाणी आत येणारच कसे? कापडावर दोन इंच खडी, तिच्यावर ४ इंची पाईप. पाईपाला दोन ओळींत, चार-चार इंचांवर, आठ-दहा मिलिमीटरची भोके. भोके खालच्या अंगाला ठेवायची. बरेच जण ती वर ठेवतात, मग भोकांपर्यंत पाणी चढेस्तोवर चर भरलेलीच राहते. वर २० किंवा ४० मिलिमीटरची धुतलेली खडी. कच किंवा क्रशरची भुकटी घातली तर एका मोसमात सगळे बसून जाते. शेवटी कापड वरून दुमडून चार-सहा इंच माती. ३० फूट लांब, दीड फूट खोल चरीला अर्ध्या ब्रासच्या (५० घनफुटांच्या) आत खडी लागते. चर बुजवण्याआधी वरच्या टोकाला एक पिंप पाणी ओतून खालच्या टोकाला येते का ते पाहावे. एवढे केल्याशिवाय कामाचे पैसे देऊ नयेत.

वरच्या पाण्यासाठी ढाळच महत्त्वाचा. मातीच्या अंगणात घरापासून पहिल्या १० फुटांत सहा इंच उतार, फरशी किंवा कोबा असेल तर १० फुटांत दोन इंच. पेव्हर घातले की पाणी मुरते, हा समज सोडावा. खाली ठोकून बसवलेल्या भुकटीतून फारसे काही मुरत नाही, त्यांनाही फरशीइतकाच ढाळ लागतो. पन्हाळीचे पाणी अंगणात न सोडता थेट पाईपात घ्यावे. एका साईटचे तासाला दोन इंच पावसाचे पाणीही, ढाळ बरोबर असेल तर, ४ इंची पाईप सहज नेतो. तो तुंबतो पानांनी आणि गाळाने. म्हणून दीड फुटी चेंबर बांधताना बाहेरचा पाईप तळापासून सहा इंच वर ठेवावा. गाळ खाली बसतो आणि हाताने काढता येतो. वर जाळी हवी आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर एकदा सफाई.

हे पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडणे मात्र साफ चूक. ती लाईन सांडपाण्यापुरती असते. जोरात पाऊस आला की मैलापाणी उलटे फिरून कुणाच्या तरी, बहुधा सखल भागातल्या, संडासातून वर येते. पाईपाचे तोंड शेजाऱ्याच्या कंपौंडाकडे वळवणेही तसलेच.

राहिला रस्ता. जुन्यावर नवा थर टाकत नेल्याने कित्येक गल्ल्यांत तो अंगणापेक्षा वर गेला आहे. तिथे बाहेर जाणाऱ्या पाईपाला उलटे पाणी अडवणारी झडप बसवावी आणि फाटकात आडवी जाळीची चर घ्यावी. अंगण मुरुमाने उचलायचे असेल तर जोत्याच्या वरच्या कडेपासून सहा इंच खालीच थांबावे, नाहीतर ओल भिंतीत चढते. त्याच वेळी संपचे (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे) झाकणही नव्या अंगणापेक्षा सहा इंच वर घ्यावे. भराव टाकताना नेमके हेच विसरते आणि अंगणातले पाणी पिण्याच्या पाण्यात जाते. काँक्रीट रस्त्याचे काम सुरू होण्याआधी तयार रस्त्याची पातळी प्रत्येक घरासमोर कंपौंडाच्या भिंतीवर रंगाने आखून दिली, तर लोकांना आपले जोते, फाटक आणि पाईप वेळेत बदलता येतील. संबंधित खात्याने निविदेतच ही अट घालावी.

आपला,
बांधकाम क्षेत्रातील एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव