प्रिन्सेस रोडवरचं पडकं चर्च

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "पडक्या चर्चवर ड्रोन उडवायला पहाटे साडेपाचला उठून कशाला गेलीस?" तेवढ्यात ओमला पोहायला सोडायची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. तसंही ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले आहे. पत्रासोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये अकरा मिनिटांची फिल्म आहे. टीव्हीला मागच्या बाजूने लावली की दिसेल. पण आधी पत्र वाचा, मग बघा.

आमच्या कंपनीत मी छपरांची पाहणी करते हे तुम्हाला माहीत आहेच. पूर्वी परांची बांधून माणूस वर चढायचा, आता ड्रोन वर जातो आणि कुठली पाटी सरकली, कुठे पन्हळ तुंबली ते मी खाली उभी राहून स्क्रीनवर बघते. हे चर्च मात्र कामातलं नव्हतं. लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथ भागातल्या प्रिन्सेस रोडवरून रोज बसने जाताना त्याचा मनोरा दिसायचा आणि दर वेळी वाटायचं, हे वरून बघायला हवं.

आई, परवानगीची काळजी करू नकोस. इथे ड्रोनवाल्याला ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, शिवाय नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो आणि तो ड्रोनवर चिकटवावा लागतो. जमिनीपासून १२० मीटरच्या वर जायचं नाही, ड्रोन सतत स्वतःच्या डोळ्यांना दिसला पाहिजे, लोकांच्या अंगावरून न्यायचा नाही. रविवारी पहाटे रस्ता रिकामा असतो, म्हणून ती वेळ. कुंपणाच्या आत मी पाऊलही टाकलं नाही.

या चर्चला इथले लोक 'वेल्श कॅथीड्रल' म्हणतात. खरं तर ते कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, नव्हे. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या वेल्श भाषेत प्रार्थना चालणारं, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचं हे चॅपल. १८६५ मध्ये काम सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत पुरं झालं. मनोरा २०० फूट, म्हणजे साधारण ६१ मीटर. त्या काळी अख्ख्या लिव्हरपूलमध्ये याहून उंच इमारत नव्हती. आणि ही उभारली कुणी, तर पोट भरायला वेल्समधून आलेल्या माणसांनी. गवंडी, सुतार, लाकडाचे व्यापारी. लिव्हरपूलमधल्या घरांच्या रांगाच्या रांगा वेल्श कंत्राटदारांनी बांधल्या. जवळच काही गल्ल्या आहेत, त्यांना वेल्समधल्या ठिकाणांची नावं आहेत: वोएलस, रिउलस, मॅड्रिन. सगळ्या मिळून 'वेल्श स्ट्रीट्स'. बीटल्समधल्या रिंगो स्टारचा जन्म मॅड्रिन स्ट्रीटवरचा. बाकी चॅपलं साधी, बसकी असत. या लोकांनी मात्र चार पैसे हाताशी आल्यावर ठरवलं की आपल्या भाषेचं देऊळ शहरात सगळ्यात उंच असलं पाहिजे. मला त्यांचा हा हट्ट फार आवडतो.

आराखडा ऑड्स्ली बंधूंचा, विल्यम आणि जॉर्ज. याच भावांनी काही वर्षांनी त्याच रस्त्यावर ज्यूंचं सिनेगॉग बांधलं, ते १८७४ मध्ये खुलं झालं. जवळच ग्रीक लोकांचं चर्च आणि सेंट मार्गारेट्स चर्च, तीही त्याच दशकभरातली. ड्रोन वर नेऊन सावकाश गोल फिरवला तर चारही एका नजरेत येतात. फिल्ममध्ये तिसऱ्या मिनिटाला ते दिसेल. ज्यूंची प्रार्थना त्यांच्या भाषेत, ग्रीकांची त्यांच्या, वेल्श लोकांची त्यांच्या, आणि हे सगळं चार पावलांवर. बाकीच्या तिन्ही वास्तू नांदत्या राहिल्या. हे एकच पडीक झालं.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाऱ्याने काही सुचू दिलं नाही. नदी जवळच, समुद्रही लांब नाही. बॅटरी अर्ध्या तासाची, पण वाऱ्याशी झगडण्यात पंधरा मिनिटांत उतरली. त्यात दोन समुद्रपक्षी ड्रोनच्या मागे लागले. मनोऱ्यावर त्यांची घरटी असावीत. मी लगेच खाली घेतला. त्यांची घरटी मोडून मला फिल्म नको होती. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबले आणि मग परत गेले.

दुसऱ्या वेळी हवा पडलेली होती. ड्रोन मनोऱ्याच्या टोकाशी नेला. खालून जे नक्षीकाम अखंड वाटतं त्यात वरून भेगा दिसतात, आणि प्रत्येक भेगेत बडलियाचं झुडूप. जांभळ्या तुऱ्यांचं हे झाड इथल्या प्रत्येक पडक्या इमारतीत उगवतं, आपल्याकडे देवळाच्या शिखरात पिंपळ उगवतो तसं. दिसायला देखणं, पण मुळं दगड उकलतात. छप्पर काही ठिकाणी उघडं पडलंय. आई, छपराच्या पाट्या स्लेटच्या, म्हणजे तू शाळेत मुलांना अक्षरं गिरवायला देत होतीस त्या पाटीचाच दगड. वेल्सच्या डोंगरात त्याच्या मोठाल्या खाणी आहेत. एक पाटी निसटली की पाणी आत जातं, पाण्यामागून बुरशी, आणि मग तुळया आतून भुसभुशीत होतात. चर्च पडायला वादळ लागत नाही. छपरावर चढणारं कुणी उरलं नाही की पुरतं. हे १९८२ मध्ये बंद झालं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९८१ मध्ये, याच भागात मोठी दंगल झाली होती. पण दंगलीने ते बंद पडलं असं नाही. वेल्श बोलणारी कुटुंबं आधीच उपनगरांत पांगली होती आणि मुलं इंग्रजीत वाढली होती.

मी ड्रोन उतरवत होते तेव्हा ऐंशीच्या आसपासची एक बाई कुत्र्याला घेऊन कुंपणापाशी थांबल्या. म्हणाल्या, "आमचं चॅपल आहे हे. वरून दिसतं का?" लहानपणी दर रविवारी त्या इथल्या संडे स्कूलला यायच्या. वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन नाकाजवळ आणली आणि उघड्या छपरातून आत दिसणाऱ्या खिडक्यांवरून बोट फिरवत मोजायला लागल्या: "ईन, दाय, त्री." तिसऱ्या खिडकीवर बोट थांबलं. "इथे आम्ही बसायचो." एवढा वेळ त्या माझ्याशी अस्सल लिव्हरपूलच्या इंग्रजीत बोलत होत्या. मोजलं मात्र वेल्शमध्ये. बोट थरथरत होतं म्हणून चित्र सारखं मोठं-लहान होत होतं आणि त्या पुन्हा पहिल्या खिडकीपासून मोजत होत्या. मी काही बोलले नाही, नुसती स्क्रीन धरून उभी राहिले.

घरी येऊन मी जमेल तेवढं वाचून काढलं. ओवेन थॉमस नावाचे नावाजलेले धर्मोपदेशक या चॅपलचे पाद्री होते. त्यांच्या मुलीचा मुलगा सॉन्डर्स लुईस, जन्म लिव्हरपूलच्या पलीकडच्या काठावरचा. त्याने १९६२ मध्ये रेडिओवर वेल्शमध्ये भाषण केलं की असंच चालू राहिलं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषा संपेल. त्या भाषणाने वेल्समधली तरुण पोरं पेटून उठली, इंग्रजीतल्या सरकारी पाट्या आणि कागदांविरुद्ध चळवळ उभी राहिली. आज वेल्समध्ये रस्त्यांवरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात आणि वेल्श माध्यमाच्या शाळा भरतात. लिव्हरपूलचं चॅपल गेलं, भाषा तिकडे तगली.

आपल्या देशाशीही यांचा संबंध आहे. या पंथाची मिशनरी संस्था १८४० मध्ये लिव्हरपूललाच स्थापन झाली. त्याच वर्षी थॉमस जोन्स नावाचा सुताराचा मुलगा इथून जहाजात बसला आणि १८४१ मध्ये चेरापुंजीला पोचला. खासी भाषा त्याने रोमन लिपीत लिहिली, पण स्पेलिंगचं वळण वेल्श ठेवलं. आज मेघालयातली मुलं खासी लिहितात ते त्याच वळणाने.

आणि बाबा, आता जे लिहितेय त्यासाठीच खरं तर हे पत्र. वेल्समध्ये कापेल केलिन नावाचं एक खेडं होतं. सगळं गाव वेल्श बोलणारं. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून ट्रवेरिन नदीवर धरण बांधायचं ठरलं. १९५६ मध्ये गावातली बायामाणसं या शहरात येऊन मोर्चा काढून गेली. काही उपयोग झाला नाही. १९६५ मध्ये चॅपल, शाळा, पोस्ट, दफनभूमी, सगळं पाण्याखाली गेलं. ४८ माणसांची घरं गेली. ज्या शहरात वेल्श लोकांनी सगळ्यात उंच मनोरा बांधला, त्याच शहराच्या नळासाठी. महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये. दुष्काळात पाणी उतरलं की तिथे भिंतींचे पाये दिसतात म्हणे. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. मला उजनी धरण दिसायला लागलं, आणि त्याच्या पाण्याखाली गेलेलं आपलं गाव.

मागे तुम्ही मला पळसनाथाच्या देवळाचा व्हिडिओ पाठवला होता, पाणी ओसरल्यावर कुणीतरी ड्रोनने काढलेला. वर संगीत घातलेलं. देवळाभोवती चिखल, दगडांच्या रांगा, तडकलेली जमीन. तुम्ही खाली एवढंच लिहिलं होतं, "जुनं पळसदेव". मी अंगठा दाखवला आणि पुढे गेले. त्या दगडांच्या रांगांत आपली आळी कुठली, हे मी विचारलं नाही. त्या बाईंचं बोट बघेपर्यंत मला ते सुचलंही नाही. वरून कितीही स्वच्छ चित्र आलं तरी, 'इथे आम्ही बसायचो' म्हणणारं माणूस शेजारी नसेल तर ते नुसते दगड. पुढच्या वेळी त्या चॅपलपाशी गेले तर ती बाई भेटेलच असं नाही. मी त्यांचा फोन नंबरसुद्धा घेतला नाही, याची चुटपुट अजून लागून आहे.

म्हणून आम्ही मेमध्ये येतोय. ओमची शाळा बुडाली तरी चालेल, मी त्याच्या शिक्षकांशी बोलले आहे. माझा ड्रोन आणता येणार नाही, २०२२ पासून भारतात बाहेरून ड्रोन आणायला बंदी आहे. पण इंदापुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे ड्रोन असतात, त्यातला एखादा दोन दिवसांसाठी सांगून ठेवा. धरणाच्या पाण्यावर उडवायला कुणाची परवानगी लागते ते मी आधी बघून ठेवते. उडवेल तो, स्क्रीन मी धरेन. तुम्ही फक्त शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि बोट ठेवून सांगायचं. पाणी किती उतरेल ते आपल्या हातात नाही. नाहीच उतरलं तर वरून नुसतं पाणी घेऊ आणि त्यावर तुमचा आवाज.

तोवर एक काम करा. दोनशे पानी वही घ्या आणि जुन्या गावाचा नकाशा काढा. वेस, चावडी, तालीम, आपलं घर, शेजारचे कोण, पलीकडचे कोण, नदीवर जायची वाट कुठून फुटायची. चुकलं तर खोडू नका, शेजारी पुन्हा काढा. आई, घरात चूल कुठल्या भिंतीला होती आणि जातं कुठे होतं ते तू सांग. नवी नवरी म्हणून तू दोनच वर्षं त्या घरात राहिलीस, पण बाबांपेक्षा तुला जास्त आठवेल.

ओम मराठीत वीसपर्यंत न अडखळता मोजतो, पुढे इंग्रजीवर जातो. मेपर्यंत आमचं पन्नासपर्यंत चालू आहे.

बाबा, गुडघ्याचा पट्टा रोज बांधा. आई, पोटऱ्यांना तेल लावायला विसरू नकोस.

तुमची,
मनू